निव्वळ वर्तमान मूल्य : गुंतवणुकीचा निर्णय आजच्या रुपयात कसा मोजला जातो

एखादा उद्योग नवी यंत्रसामग्री घेतो, कारखान्याचा विस्तार करतो किंवा नव्या शहरात शाखा उघडतो, तेव्हा खर्च आज होतो आणि उत्पन्न पुढील अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी येते. आज दिलेला रुपया आणि पाच वर्षांनी हाती येणारा रुपया यांची सरळ बेरीज-वजाबाकी करता येत नाही. ही तुलना शक्य व्हावी यासाठी भविष्यातील प्रत्येक रक्कम आजच्या किमतीत रूपांतरित करून तिच्यातून गुंतवणुकीचा खर्च वजा करतात. उरणाऱ्या रकमेस ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ म्हणतात. वित्तक्षेत्रात ही संज्ञा ‘एनपीव्ही’ या आद्याक्षरांनी रूढ आहे.

भारतीय वाचकांना ही संज्ञा अलीकडे अनेक संदर्भांत भेटते. दूरसंचार कंपन्यांची थकबाकी, वनजमिनीचे वळतीकरण, दिवाळखोर कंपन्यांसाठी आलेले प्रस्ताव आणि वीजखरेदीच्या बोली या सर्वांच्या बातम्यांत तिचा उल्लेख असतो. प्रत्यक्षात ती लहान उद्योजकासही तितकीच उपयोगी आहे.

मूळ कल्पना

आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा का, याची तीन कारणे दिली जातात. आज हाती असलेला रुपया व्याजाने किंवा व्यवसायात लावता येतो. महागाईमुळे पैशाची क्रयशक्ती घटत जाते. आणि भविष्यात मिळणारी रक्कम खरोखर मिळेल याची खात्री नसते.

व्याजाचे गणित आपणास परिचित असते. १०० रुपये १२ टक्के दराने ठेवल्यास वर्षाअखेरीस ११२ रुपये होतात. वर्तमान मूल्य काढताना हेच गणित उलट्या दिशेने करावयाचे असते. वर्षभराने मिळणाऱ्या ११२ रुपयांचे आजचे मूल्य १०० रुपये, तर वर्षभराने मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे ८९ रुपये २९ पैसे. दोन वर्षांनी मिळणार असतील, तर १.१२ ने दोनदा भागावे लागते आणि मूल्य ७९ रुपये ७२ पैशांवर येते. ज्या दराने हे मूल्य कमी केले जाते त्यास वटाव दर म्हणतात.

ही रीत आधुनिक वाटली तरी तिची बीजे जुनी आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सुमारे इ. स. ११५०) मिश्रव्यवहार या प्रकरणात मुद्दल आणि व्याज यांची एकत्रित रक्कम देऊन मुद्दल शोधण्याची उदाहरणे आहेत. दरमहा शेकडा पाच या दराने वर्षाअखेर मुद्दल व व्याज मिळून १००० होतात, तर मुद्दल किती, असा एक प्रश्न तेथे आहे. त्याचे उत्तर ६२५ आहे. सरळ व्याजाने काढलेले हे एक प्रकारचे वर्तमान मूल्यच होय. युरोपात सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने १५८२ मध्ये व्याजाची कोष्टके प्रसिद्ध केली. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९०७ आणि १९३० मधील ग्रंथांतून या विचारास सैद्धांतिक बैठक दिली. १९५१ मध्ये जोएल डीन यांच्या भांडवली अंदाजपत्रकावरील पुस्तकाने वर्तमान मूल्याचा विचार कंपन्यांच्या व्यवस्थापनापर्यंत नेला.

एक उदाहरण : इचलकरंजीतील यंत्रमाग

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे यंत्रमागांचे शहर. तेथील एका काल्पनिक यंत्रमागधारकाचे उदाहरण घेऊ. जुने साधे माग काढून वापरलेले रेपियर माग बसवावेत, असा त्याचा विचार आहे. माग, त्यांची उभारणी आणि वीजजोडणी मिळून खर्च ६० लाख रुपये. वीज, मजुरी, देखभाल आणि कर वजा जाता हाती पडणारी जादा रोख रक्कम पहिल्या वर्षी १४ लाख, दुसऱ्या वर्षी १८ लाख, तिसऱ्या व चौथ्या वर्षी प्रत्येकी २० लाख आणि पाचव्या वर्षी १८ लाख असेल, असा त्याचा अंदाज आहे. पाचव्या वर्षाअखेरीस माग विकून ६ लाख रुपये येतील.

साधी बेरीज केली तर ६० लाख घालून ९६ लाख मिळतात, म्हणजे ३६ लाखांचा फायदा दिसतो. १२ टक्के वटाव दराने मात्र चित्र असे दिसते :

पहिले वर्ष : १४ लाखांचे वर्तमान मूल्य १२.५० लाख
दुसरे वर्ष : १८ लाखांचे १४.३५ लाख
तिसरे वर्ष : २० लाखांचे १४.२४ लाख
चौथे वर्ष : २० लाखांचे १२.७१ लाख
पाचवे वर्ष : विक्रीसह २४ लाखांचे १३.६२ लाख

एकूण वर्तमान मूल्य ६७.४२ लाख. त्यातून ६० लाख वजा केल्यास निव्वळ वर्तमान मूल्य ७.४२ लाख रुपये उरते.

या ७.४२ लाखांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भांडवलावर वर्षाला १२ टक्के परतावा मिळाल्यानंतरही, आजच्या किमतीत, हा प्रकल्प मालकाच्या संपत्तीत एवढी भर घालतो. उत्तर शून्य आले असते, तर प्रकल्पाने केवळ भांडवलाची किंमत भरून काढली असती. उत्तर ऋण आले असते, तर हिशेबाच्या वहीत नफा दिसूनही मालक प्रत्यक्षात गरीब झाला असता, कारण तेवढ्याच जोखमीच्या अन्य गुंतवणुकीत त्याच पैशाने अधिक मिळवले असते. म्हणून नियम असा की, मूल्य धन असेल तर प्रकल्प स्वीकारावा आणि ऋण असेल तर नाकारावा. दोन पर्यायांपैकी एकच निवडता येत असेल, तर ज्याचे मूल्य अधिक तो घ्यावा.

वटाव दर कसा ठरवावा

संपूर्ण गणितात सर्वाधिक वाद होतो तो या दरावर. वटाव दर म्हणजे भांडवलाची किंमत. प्रकल्पास लागणारा पैसा सामान्यतः कर्ज आणि मालकाचे स्वतःचे भांडवल अशा दोन स्रोतांतून येतो. समजा, ६० टक्के रक्कम १० टक्के व्याजाच्या कर्जाची आहे. व्याजावर करसवलत मिळत असल्याने, २५ टक्के कर-दर गृहीत धरल्यास कर्जाचा खरा भार साडेसात टक्के पडतो. उरलेल्या ४० टक्के स्वतःच्या भांडवलावर मालकास १८ टक्के परतावा अपेक्षित आहे. तर भारित सरासरी ४.५ अधिक ७.२, म्हणजे ११.७ टक्के येते. वरील उदाहरणातील १२ टक्के दर याच्या जवळपासचा आहे.

स्वतःच्या भांडवलास किंमत नसते, ही लहान उद्योगांतील नेहमीची चूक होय. कर्जावर बँक व्याज मागते, म्हणून त्याची किंमत दिसते. स्वतःची बचत कोणी मागत नाही, म्हणून ती फुकट वाटते. परंतु ती रक्कम अन्यत्र गुंतवली असती तर जे मिळाले असते, ते गमावणे हीच तिची किंमत असते.

जोखीम वाढली की दरही वाढवावा लागतो. याच प्रकल्पास १८ टक्के दर लावल्यास एकूण वर्तमान मूल्य ५७.७७ लाखांवर उतरते आणि निव्वळ मूल्य उणे २.२३ लाख होते. दर बदलताच स्वीकारार्ह प्रकल्प त्याज्य ठरतो. म्हणूनच अहवाल वाचताना अंतिम आकड्याइतकेच लक्ष तो कोणत्या दराने काढला आहे याकडे द्यावे लागते.

रोख प्रवाहात काय धरावे, काय वगळावे

निव्वळ वर्तमान मूल्य नफ्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष ये-जा करणाऱ्या रोख रकमेवर काढतात. त्यामुळे काही पथ्ये पाळावी लागतात.

घसारा हा वहीतील खर्च आहे, त्यापोटी कोणास पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून तो रोख प्रवाहातून वजा करत नाहीत. त्याच्यामुळे वाचणारा कर मात्र धरावा लागतो.

कर्जाचे व्याज वजा करू नये. भांडवलाची किंमत वटाव दरात आधीच आलेली असते, पुन्हा व्याज वजा केल्यास तोच खर्च दोनदा मोजला जातो.

आधी झालेला आणि आता परत न मिळणारा खर्च निर्णयात आणू नये. सल्लागाराला दिलेले दोन लाख रुपये प्रकल्प केला काय आणि न केला काय, गेलेलेच असतात. ‘एवढा खर्च झालाच आहे, तर आता पूर्ण करू’ या विचाराने अनेक तोट्याचे प्रकल्प पुढे रेटले जातात.

याउलट, स्वतःच्या मालकीची जागा वापरली जाणार असेल, तर ती भाड्याने दिल्यास मिळाले असते ते भाडे खर्चात धरावे. सूत, तयार कापड आणि येणी यांत अडकणारे खेळते भांडवल सुरुवातीस खर्च म्हणून आणि शेवटी परत येणारी रक्कम म्हणून दाखवावे.

महागाईबाबत सुसंगती हवी. बाजारातील व्याजदरात महागाईचा अंश असतो. असा दर वापरत असताना पुढील वर्षांची विक्री आणि खर्च आजच्याच भावाने धरले, तर प्रकल्पाचे मूल्य विनाकारण कमी दिसते.

संगणकावर हिशेब करणाऱ्यांनी एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. एक्सेलमधील ‘एनपीव्ही’ हे सूत्र यादीतील पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरीस आली असे समजते. आजची गुंतवणूक त्याच यादीत टाकल्यास तिचाही वटाव होतो आणि आपल्या उदाहरणात उत्तर ७.४२ ऐवजी ६.६३ लाख येते. आजचा खर्च सूत्राबाहेर ठेवून वेगळा वजा करावा. रकमा अनियमित तारखांना येत असतील, तर त्यासाठी ‘एक्सएनपीव्ही’ हे स्वतंत्र सूत्र आहे.

अन्य कसोट्यांशी तुलना

व्यापारात सर्वाधिक प्रचलित प्रश्न असतो, ‘पैसे किती दिवसांत सुटतील?’ यास परतफेड कालावधीची कसोटी म्हणतात. वरील उदाहरणात तो सुमारे तीन वर्षे पाच महिने येतो. रोकड टंचाईच्या काळात ही कसोटी उपयोगी पडते. परंतु ती पैसे सुटल्यानंतरच्या वर्षांकडे पाहत नाही आणि काळाचे मूल्यही विचारात घेत नाही.

दुसरी कसोटी अंतर्गत परतावा दराची. ज्या वटाव दरास निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते, तो हा दर. आपल्या उदाहरणात तो सुमारे साडेसोळा टक्के आहे. टक्केवारीत उत्तर मिळत असल्याने ही कसोटी लोकप्रिय आहे. मात्र ती फसवू शकते. समजा, त्याच मालकापुढे दुसरा पर्याय आहे. १० लाखांचे एक जोडयंत्र घ्यावयाचे आणि तीन वर्षे दरसाल ५ लाख मिळवायचे. त्याचा परतावा दर सुमारे २३.४ टक्के, म्हणजे मागांपेक्षा बराच अधिक. पण १२ टक्के दराने त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य केवळ २.०१ लाख. दोन्हींपैकी एकच घेता येत असेल, तर टक्केवारी यंत्राकडे बोट दाखवते आणि मालकाच्या संपत्तीत अधिक भर मात्र मागांमुळे पडते. ज्या प्रकल्पांत मध्येच किंवा शेवटी पुन्हा मोठा खर्च येतो, उदाहरणार्थ खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्याचा, तेथे परतावा दराची एकाहून अधिक उत्तरे निघू शकतात. जेम्स लोरी आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५५ मध्येच या अडचणीकडे लक्ष वेधले होते.

प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही कसोट्या सोबत वापरल्या जातात. जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वे यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३९२ वित्तप्रमुखांच्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश जणांनी या दोन्ही पद्धती नेहमी किंवा जवळपास नेहमी वापरत असल्याचे सांगितले होते.

विलंबाची किंमत

या पद्धतीतून सर्वांत स्पष्ट दिसते ती विलंबाची किंमत. आपल्या यंत्रमागधारकाने ६० लाख आज खर्च केले. परंतु वीजजोडणी रखडल्याने उत्पादन वर्षभर उशिरा सुरू झाले, असे समजू. पुढील सर्व रकमा तेवढ्याच आहेत, केवळ प्रत्येक रक्कम एक वर्ष मागे गेली. एकूण वर्तमान मूल्य ६७.४२ लाखांवरून ६०.२० लाखांवर येते. ७.४२ लाखांच्या जागी उरतात जेमतेम २० हजार रुपये. विक्रीत एक रुपयाही न घटता केवळ उशिराने प्रकल्पाचा जवळपास सारा लाभ गिळून टाकला.

सार्वजनिक प्रकल्पांत हा परिणाम अधिक तीव्र असतो, कारण तेथे विलंबासोबत खर्चही वाढतो. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. यातील काही वाढ भाववाढीची, काही व्याप्तीतील बदलांची असते. पण ज्या शेतकऱ्यास पाणी दशकभर उशिरा मिळते, त्याच्या दृष्टीने त्या लाभाचे मूल्य घटलेलेच असते, आणि ही घट खर्चाच्या कोणत्याही सुधारित अंदाजात दिसत नाही.

म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. अंदाज किती चुकला तर निर्णय उलटतो, हे तपासावे. आपल्या उदाहरणात सर्व वर्षांची आवक ११ टक्क्यांनी घटल्यास निव्वळ मूल्य शून्यावर येते. मालकाने स्वतःस विचारण्याचा खरा प्रश्न हा की, सुताचे भाव आणि कापडाची मागणी पाहता आवक ११ टक्क्यांनी घटणे किती संभवनीय आहे.

भारतातील धोरणात वापर

समायोजित एकूण महसुलाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी दिलेल्या निकालानंतर दूरसंचार कंपन्यांवर मोठी थकबाकी आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये ती भरण्यास चार वर्षांपर्यंत मुदतवाढ दिली. मात्र देय रकमांचे निव्वळ वर्तमान मूल्य अबाधित ठेवण्याची अट घातली. याचा अर्थ असा की, कंपन्यांना वेळ मिळाला, पण त्या वेळेची किंमत व्याजरूपाने द्यावी लागणार होती. मुदतवाढीच्या काळातील व्याज समभागांत रूपांतरित करण्याचा पर्यायही देण्यात आला. त्यानुसार फेब्रुवारी २०२३ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत १६,१३३ कोटी रुपयांचे समभाग सरकारला देण्याचा आदेश निघाला. ही रक्कम त्या व्याजाच्या निव्वळ वर्तमान मूल्यावर आधारित होती.

वीजखरेदीच्या दीर्घकालीन बोलींत वेगवेगळ्या वर्षांचे दर एका पातळीवर आणण्यासाठी केंद्रीय वीज नियामक आयोग वटाव दर अधिसूचित करतो. दिवाळखोरी प्रक्रियेतही एका बोलीदाराचे आज मिळणारे पैसे आणि दुसऱ्याचे पाच वर्षांत हप्त्यांनी मिळणारे अधिक पैसे यांची तुलना बँका याच मार्गाने करतात. मोठा दिसणारा एकूण आकडा वर्तमान मूल्यात लहान ठरू शकतो.

वनांचे मूल्य आणि पद्धतीची मर्यादा

भारतात या संज्ञेचा एक वेगळा वापर वनजमिनीबाबत होतो. गोदावर्मन थिरुमलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये असे ठरवले की, वनजमीन खाण, धरण वा रस्त्यासाठी वापरणाऱ्याने पर्यायी वनीकरणाच्या खर्चाखेरीज त्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्यही भरावे. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने पद्धतीचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये न्यायालयाने वनाचा प्रकार व घनता यांनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये दर मान्य केले. अभयारण्यांसाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानांसाठी दहापट आकारणी ठरली. पुढे हे दर सुधारण्यात आले. या रकमांच्या विनियोगासाठी २०१६ मध्ये प्रतिपूरक वनीकरण निधी कायदा संमत झाला.

येथेच या पद्धतीची मर्यादा दिसते. १२ टक्के दराने पन्नास वर्षांनंतरच्या एक लाख रुपयांचे आजचे मूल्य अवघे ३४६ रुपये भरते. ४ टक्के दराने तेच सुमारे १४ हजार रुपये होते. उद्योजकाचा दर जंगलास लावला, तर नातवंडांच्या वाट्याचे पाणी आणि सावली यांना आज जवळपास किंमतच उरत नाही. म्हणून सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांसाठी अनेक देश कमी, सामाजिक दर वापरतात. ब्रिटनच्या वित्त मंत्रालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हा दर साडेतीन टक्के असून तीस वर्षांनंतरच्या काळासाठी तो आणखी कमी केला जातो.

व्यावसायिक प्रकल्पांतही काही गोष्टी साध्या गणितात मावत नाहीत. प्रकल्प लहान प्रमाणात सुरू करून बाजार पाहून वाढवण्याची किंवा मध्येच थांबण्याची मोकळीक हीदेखील मोलाची असते. १९७७ मध्ये स्टुअर्ट मायर्स यांनी अशा मोकळिकीस ‘रिअल ऑप्शन’ हे नाव दिले. साठ लाखांचे सर्व माग एकदम घेण्याऐवजी आधी निम्मे घेऊन वर्षभर पाहणे, हा तसाच पर्याय आहे.

निव्वळ वर्तमान मूल्य भविष्य सांगत नाही. मालकाने केलेले अंदाज खरे ठरल्यास त्यांचे आज मोल किती, एवढेच ते सांगते. अंदाज फुगवून, दर कमी धरून हवे ते उत्तर काढता येते, आणि तसे काढलेही जाते. त्यामुळे प्रकल्प अहवाल कोणाचाही असो, त्यातील तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात : रोख आवकेचा अंदाज कशावर आधारला आहे, वटाव दर किती व का धरला आहे, आणि वर्षभर उशीर झाल्यास काय उरते.